पासिंगचा सेट

"थांब. हेच ते," दस्तगीरमामा म्हणाले.

मी ब्रेक दाबला. मोठं फाटक, आत उंच शेड, शेडखाली जमिनीत बसवलेला लोखंडी पत्रा, शेजारी काचेची खोली, खोलीत कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरमागे एक वैतागलेला माणूस. गाड्या तपासायचं नवीन सेंटर कसं असतं ते आम्हाला गावात सांगितलं होतं. अगदी असंच.

वैतागलेल्या माणसाने हाताने बोलावलं. मी जीप पत्र्यावर चढवली.

"इंजिन बंद कर," मामा पुटपुटले. "ताठ बस. हलू नको."

"तपासणी गाडीची हाय मामा, माझी न्हाई."

"तरी पण."

आम्ही दोघं ताठ बसलो. मामांनी तर श्वासही धरून ठेवला होता. खोलीत काहीतरी टरटरलं आणि खिडकीतून एक चिठ्ठी बाहेर आली. मी उतरून ती घेतली. एकोणीस क्विंटल साठ किलो.

"म्हणजे पास का?" मी विचारलं.

"कसला पास? ऊस कुठाय?"

"कसला ऊस?"

"बाई, हा साखर कारखान्याचा वजनकाटा हाय. ऊस घालून आणा, न्हाईतर उतरा खाली. मागं सतरा ट्रॅक्टर थांबल्यात."

मागे खरोखरच ट्रॅक्टर थांबले होते. मामांनी श्वास सोडला, चिठ्ठीची घडी केली आणि ती खिशात ठेवली.

"ती कशाला?"

"शिक्का हाय तिच्यावर. असू दे."

॰

*वाहनाचा प्रकार:* जीप. आसनं नऊ. बसतात सोळा.

*मालक:* जिनगोंडा मगदूम, राहणार कुरणवाडी. माझे बापू.

*चालक:* राजमती मगदूम, वय चोवीस. लायसन्स सात महिन्यांपूर्वीचं.

*सोबत:* दस्तगीर मुजावर, वय बासष्ट. वडाप संघटनेचे सेट-राखणदार.

*मालक स्वतः का आले नाहीत:* सेटमधलं तिसरं चाक पायावर पडून पाय मोडला.

*टपावर काय आहे:* सेट.

*सेट म्हणजे काय:*

फॉर्मवर हा शेवटचा रकाना नव्हता. असता तर त्यात मावलंही नसतं.

कुरणवाडीत तेव्हा अकरा वडाप होती, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या जीप. माणसं भरली की जीप सुटायची, आणि कुठली जीप कितव्या फेरीला सुटणार ते नंबरावर ठरायचं. दर शनिवारी सकाळी सहाला संघटनेचे अध्यक्ष, आण्णासो पाटील, स्टँडवर वही उघडून नंबर वाचत. पहिला नंबर आमचा. कॉलेजची पोरं, दूधवाले, दवाखान्याला निघालेली म्हातारी, सगळी पहिल्या फेरीला. बापूंनी तो नंबर एकवीस वर्षं सांभाळला होता आणि त्यांचा पाय मोडल्यावर तो मला चालवायचा होता. मला म्हणजे खरंच मलाच. भावाला नाही, बदली ड्रायव्हरला नाही. बापूंनी कुरकुरत का होईना हो म्हटलं होतं.

पण जीपचं पासिंग संपत आलं होतं आणि संघटनेचा नियम असा, की पासिंग नसलेल्या गाडीचा नंबर शनिवारी दुसऱ्याला. दुसरा तयारच होता. आण्णांच्या जावयाने नवी कोरी गाडी घेतली होती आणि तो रोज सकाळी ती स्टँडवर आणून, कुठेही न जाता, पुसत उभा राहायचा.

आता सेट. आण्णांचे वडील बाबगोंडा पाटील वारले, त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. इतर लोक वडलांच्या नावाने देवळाला पंखा देतात, शाळेला बाक देतात. आण्णांनी संघटनेला चार नवी चाकं दिली. टायर, डिस्क, सगळं. रस्त्यावर चालवायची नाहीत, फक्त पासिंगला लावायची. ज्याच्या गाडीचं पासिंग असेल त्याने सेट टपावर घालून न्यायचा, तालुक्याच्या तपासणी मैदानाबाहेर आपली चाकं काढायची, सेट लावायचा, साहेबांना दाखवायचा, बाहेर आल्यावर पुन्हा काढून टपावर. चारही चाकांवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलेलं होतं. बाहेरून दिसलं तर साहेबांना शंका येईल, म्हणून आतल्या बाजूने. आणि नाव लांबलचक असल्यामुळे ते चार चाकांत वाटून.

चौदा वर्षं हे बिनबोभाट चाललं. सेट देवळामागच्या खोलीत ताडपत्रीखाली असायचा, खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची, मामा दर पंधरवड्याला त्याला काळं पॉलिश लावायचे. मग तालुक्याचं मैदान बंद झालं आणि मशीनवालं सेंटर निघालं. पहिल्या दोन महिन्यांत कुरणवाडीच्या तीन गाड्या तिकडे गेल्या.

तिन्ही नापास.

संघटनेची बैठक बसली. आण्णा म्हणाले, "मशीन हाय ते. मशीनला अजून चकाकी पायजे आसंल." तेव्हापासून मामा दर आठवड्याला पॉलिश करू लागले.

॰

जुन्या मैदानावर क्रिकेट चाललं होतं. कडेला चहाची टपरी तेवढी उरली होती. टपरीवाल्या मावशींनी आमच्या टपाकडे बघितलं.

"पासिंगला आलायसा न्हवं? गेलं ते हितनं."

"कुठं गेलं मावशी?"

"असं सरळ जावा. कोल्ड स्टोरेज दिसंल."

"ते का?"

"ते न्हवं. त्याच्या फुडं निळी शेड दिसंल."

"ती?"

"ती बी न्हवं, ती फर्निचरची. दोन्हीच्या मधनं कच्चा रस्ता हाय. त्यावरनं जायचं न्हाई."

"मग?"

"त्याच्या अगोदर वळायचं."

मामा वजनकाट्याची चिठ्ठी काढून मावशींना दाखवू लागले होते. मी त्यांना गाडीत बसवलं.

आम्हाला वेळ मिळाली होती साडेअकराची. सेंटर सापडलं तेव्हा अकराला दहा कमी होती. बाहेर बाभळीखाली जीप लावून मी जॅक काढला. बापूंबरोबर मी कितीतरी वेळा चाक बदललं होतं, पण एकदम चार कधीच नाही. मामा नटबोल्ट हातात धरून उभे राहिले आणि मला क्रम सांगू लागले.

"हे फुडं डावीकडं. ते फुडं उजवीकडं."

"कुठलंबी लावलं तर काय होतंय मामा?"

"नाव उलटं हुतंय."

"कोण वाचणार हाय?"

"कोण वाचू दे न्हाईतर नको वाचू दे. माणूस गेलेला हाय. त्याचं नाव सुलटं पायजे."

पण अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि मागची दोन चाकं मी हाताला येतील तशी लावली. मामांना सांगितलं, बरोबर लावलीत.

॰

*धूर:* पास.

*दिवे:* पास. डावा थोडा वर बघत होता. तिथल्या माणसाने स्क्रू फिरवून त्याला खाली बघायला लावलं.

*हॉर्न:* पास. मामा दचकले.

*ब्रेक:*

जमिनीत दोन-दोन रूळ होते. चाकं त्यावर ठेवायची, रूळ चाकं फिरवतात, आपण ब्रेक दाबायचा, पडद्यावर आकडे येतात. मी ब्रेक दाबला. चाक थांबलं, पण रूळ त्याच्याखाली तसेच सुळसुळत फिरत राहिले. पाटावर साबण सरकावा तसे. पडद्यावरचा आकडा थोडा वर चढला आणि लाजल्यासारखा खाली आला.

"परत दाबा," तिथला माणूस म्हणाला.

परत दाबला. परत तेच. त्याने काही लिहिलं नाही, नुसतं चाकाकडे बघितलं, मग टपावरच्या चार चाकांकडे बघितलं आणि म्हणाला, "खड्ड्यावर घ्या."

खड्डा म्हणजे लांब, सिमेंटचा, आत ट्यूबलाइट. गाडी त्यावर उभी करायची आणि खालून तपासणारा माणूस आत उभा असतो. तो आपल्याला दिसत नाही. आम्हाला दिसली नाही, ती बाई होती. आधी टॉर्चचा उजेड फिरला, मग कॅमेऱ्याचा आवाज आला, मग खालून शांत, विदर्भाकडच्या वळणाचा आवाज आला. जमीनच बोलते आहे असं वाटलं.

"कै. बाबगोंडा," जमीन म्हणाली.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. पावलं पुढे सरकली.

"सातगोंडा पाटील."

मामांनी अभिमानाने माझ्याकडे बघितलं. पावलं मागच्या चाकांकडे गेली.

"सप्रेम भेट."

मामांचा चेहरा पडला.

"यांच्या स्मरणार्थ," जमीन म्हणाली.

मामा माझ्याकडे वळले. मी समोर बघत राहिले. मग दस्तगीरमामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खड्ड्याकडे वाकून म्हणाले,

"चूक झालीया मॅडम. 'यांच्या स्मरणार्थ' अगुदर येतंय. मागनं 'सप्रेम भेट'. डावीकडनं वाचा."

खालचा टॉर्च विझला. मग लोखंडी शिडी वाजली.

॰

त्यांचं नाव गजभिये. वय माझ्याएवढंच असावं. गालाला ग्रीस लागलेलं होतं. त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरसमोर उभं केलं आणि एकापाठोपाठ तीन फोटो दाखवले. तीन वेगवेगळ्या जीप, तिन्ही खालून काढलेल्या. तिन्हींच्या चाकांवर बाबगोंडा आजोबा.

"दीड महिन्यापासून मी विचार करून राहिले," त्या म्हणाल्या, "की हे बाबगोंडा पाटील आहेत तरी कोण. मला वाटलं, त्यांनी गावाला पुष्कळ चाकं दान केली."

"चारच," मामा म्हणाले.

"हो, ते समजलं."

"मॅडम, नापास का आम्ही?" मी विचारलं.

"ब्रेकमध्ये नापास, टायरमध्ये नापास." त्यांनी सेटच्या एका चाकाशी उकिडवं बसून बोट दाखवलं. "हे चार आकडे बघा. टायर कधी बनला ते इथे लिहिलेलं असते. चौदा वर्षं झाली. चालला नाही, नुसता पडून राहिला. रबर लाकूड झालं आहे. ह्या भेगा दिसतात का?"

"तिथं पॉलिश लावतो की मी," मामा म्हणाले.

"दादाजी, पॉलिशच्या खाली आहेत."

"मग मशीनला पायजे काय?"

"ब्रेक दाबला की रबरानं रूळ धरून ठेवायला पाहिजे. लाकूड काय धरणार?"

मामांनी चाकावरून हात फिरवला. दर आठवड्याला फिरवत होते तसाच.

"तुमची स्वतःची चाकं कुठे आहेत?" गजभिये मॅडमनी विचारलं.

मी वर बोट दाखवलं.

"काढा खाली."

"नको मॅडम. ती रोजची हायत," मी म्हणाले. खरंच म्हणाले. पाहुण्यांसमोर रोजच्या साडीत कसं यायचं, तशा सुरात.

"रोजचीच पाहिजेत. रस्त्यावर कोणती चालतात, ही का ती?"

मी वर चढून एक चाक खाली सोडलं. त्यांनी ते आडवं पाडलं आणि खाचेत बोट घातलं.

"इकडे या. खाचेच्या तळाला हा उंचवटा लागतो का? रबर झिजून ह्याच्या बरोबरीला आलं की टायर बाद. तुमचं अजून वर आहे. चांगलं वर आहे. मागच्या वर्षी बदलले का?"

"दोन वर्षं झाली."

"मग पासिंगला चाकं काऊन बदलून राहिले तुम्ही?"

गेली चौदा वर्षं कुणी खाचेत बोट घातलं नव्हतं. आपली चाकं वाईटच असणार, हे अकरा घरांत सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"चार वाजायच्या आत चाकं बदलून आणली तर मी आजच पुन्हा घेते," मॅडम म्हणाल्या. "चारनंतर मशीन बंद. मग सोमवारी."

सोमवारी म्हणजे शनिवारनंतर.

॰

काढलेली चाकं: चार. लावलेली चाकं: चार. सकाळचे आणि आत्ताचे धरून हाताळलेले नट: मोजायचं सोडून दिलं. एक नट बाभळीखालच्या गवतात हरवला आणि मामांनी तो गुडघ्यांवर रांगत, बाभळीचे काटे हाताला टोचून घेत शोधून काढला. नट माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "मागची चाकं तू मुद्दाम उलटी लावलीस का?"

"न्हाई मामा. घाईत."

"बरं."

पुन्हा रांग धरली आणि साडेतीनला जीप रुळांवर उभी राहिली. मी ब्रेक दाबला. रोजच्या चाकांनी रूळ असे पकडले की जीप जागेवर उसळली आणि मामांचं डोकं टपाला लागलं. पडद्यावरचे आकडे चढले आणि तिथेच बसले.

खड्ड्यातून आवाज आला, "आता कोणाचंच नाव नाही. पास."

॰

येताना कोल्ड स्टोरेज मागे पडलं.

"आण्णांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"तू सांग की काय सांगायचं."

"खरं सांगते. सेट लाकूड झालाय म्हणून."

"बापाच्या नावाला लाकूड म्हणलीस, तर नंबर जावयाला. पासिंग खिशात घिऊन घरी बसशील."

"मग सेट लावूनच पास झालो म्हणते."

"मग ती तिघं परत सेट घिऊन जातील आन परत नापास हुतील. त्यातल्या हिंदुरावचं पोरगं तर गाडी बंद म्हणून आत्ताच मुंबईला जातो म्हणालंय."

दोन्ही बरोबर होतं. नंबर मला हवा होता. इतका हवा होता, की कारखाना येईपर्यंत मी गप्प बसायचं ठरवूनही टाकलं होतं. ट्रॅक्टरची रांग ओलांडली आणि ठरवलेलं मोडलं. गावाची कमान येईपर्यंत हे तीनदा झालं.

"मामा, सेट गेला तर तुम्ही काय करणार?"

"पॉलिशचा आख्खा डबा उरलाय," ते म्हणाले.

॰

शनिवार. सहा.

अकराही वडापवाले स्टँडवर होते. जावई गाडी पुसत होता. काठी घेऊन बापू लंगडत आले होते. आण्णांनी चष्मा लावला, वही उघडली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी सर्टिफिकेट दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"पास," ते म्हणाले. आवाजात आनंद होता. जावयाच्या वाट्याचा थोडा कमी करून उरलेला. "बघितलासा? मी म्हणत हुतो, चकाकी पायजे. सेटनं काम केलं."

हिंदुराव आणि उरलेले दोघं पुढे सरकले. "आण्णा, मग आज सेट मला."

मी तोंड उघडलं. आजही मला सांगता येत नाही की त्यातून काय बाहेर पडणार होतं. माझ्याआधी दस्तगीरमामा बोलले.

"सेट आता कुणाला न्हाई."

"का गा?"

"मोठ्या मॅडम हुत्या तिथं. त्या गाडीखाली उतरल्या आन त्यांनी बाबगोंडा काकांचं नाव वाचलं. सगळं. मोठ्यानं."

आण्णांनी चष्मा काढला. "मोठ्यानं?"

"जमीन बोलल्यागत. ह्या पोरीला विचारा."

"व्हय," मी म्हणाले.

"मग मला म्हणाल्या, दीड महिना झाला मी ह्या माणसाचा इचार करतीया, हा कोण आसंल."

"असं म्हणाल्या?"

"व्हय," मी पुन्हा म्हणाले. तिथपर्यंत सगळं खरंच होतं.

"आन मग म्हणाल्या," मामा म्हणाले, आणि इथे त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, "एवढ्या माणसाचं नाव चिखलात फिरवताय व्हय? लाज वाटत न्हाई? परत हे नाव चाकाला दिसलं तर एकबी गाडी पास करायची न्हाई. रोजच्या चाकांवर गाड्या आणा. ते नाव चार लोकांना दिसंल आसं वर लावा."

आण्णांनी उपरण्याने डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग परत डोळे.

"चौदा वर्षं," ते म्हणाले. "चौदा वर्षं मला हे सुचलं न्हाई. चिखलात."

"तुमचा काय दोष न्हाई," मामा म्हणाले. "आतल्या बाजूला हुतं."

"रोजच्या चाकांवर पास करतील?" हिंदुरावने विचारलं.

"राजीची केली की." मामांनी खाचेत बोट कसं घालायचं ते सगळ्यांना दाखवलं. दहा माणसं आपापल्या जीपकडे गेली, वाकली आणि टायरमध्ये बोटं घालू लागली. जावयानेही घातलं. त्याचा टायर नवा होता, बोट पुरलंच नाही.

आण्णांनी वही वर धरली. जावयाने फडकं खिशात ठेवलं आणि मान ताठ केली. आण्णांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग वर आभाळाकडे.

"पहिला नंबर," ते म्हणाले, "मगदूम. राजमती."

एकवीस वर्षं त्या वहीत जिनगोंडा होतं. आण्णांनी पेन काढून ते खोडलं आणि वर माझं नाव घातलं. बापू काठीवर रेलून म्हणाले, "क्लच हळू सोड," आणि स्टँडवरच्या चहाकडे वळले.

दूधवाले चढले. कॉलेजची पोरं चढली. दवाखान्याची म्हातारी मधोमध बसली. पुढच्या सीटवर कुणी बसायच्या आधी दस्तगीरमामा येऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

"कुठं मामा?"

"कुठं न्हाई."

"मग उतरा की. सोळा झालेत."

"नऊ लिवलंय आरसीवर," मामा म्हणाले. "काल मॅडमच्या टेबलावर वाचलं मी. नवाच्या फुडचे उतरा म्हणावं."

मागून सोळा जणांनी एकदम मामांना शिव्या घातल्या. मामा ताठ बसून समोर बघत राहिले. मी क्लच हळू सोडला.